रंग मातकट, मालक अज्ञात

माझी गाडी निळी आहे. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण पुढे याच एका वाक्यासाठी मला शनिवार पेठेतल्या निम्म्या लोकांशी हुज्जत घालावी लागली. समुद्रात खूप खोल गेल्यावर दिसतो तसला निळा, असं गाडी विकणाऱ्याने सांगितलं होतं. मी समुद्रात घोट्यापलीकडे कधी गेलेलो नाही, पण आरसी बुकातही 'निळा' असंच छापलेलं आहे, आणि विमा कंपनीत उभी हयात काढलेल्या माणसाला छापील शब्दापुढे डोळ्यांची साक्ष लागत नाही.

तर त्या दिवशी सकाळी दूध आणायला खाली उतरलो आणि गाडीच्या पुढच्या काचेवर एक कागद चिकटवलेला दिसला. कुणीतरी गणिताच्या क्लासची जाहिरात लावली असणार, असं समजून मी तो फाडायला गेलो. मग चष्मा लावला. 'सदर वाहन सार्वजनिक रस्त्यावर बेवारस स्थितीत आढळून आले आहे. रंग : मातकट. क्रमांक : दिसून येत नाही. मालक : अज्ञात. पाहणीअंती वाहन उचलून नेण्यात येईल.'

मी तो कागद पुन्हा वाचला. मातकट! अज्ञात! मी, शंभू सबनीस, गाडीच्या बरोबर वर पहिल्या मजल्यावर राहतो. गॅलरीत बसून शिंकलो तर खालून दादामियाँ 'आल्याचा काढा घ्या' म्हणतात. या गल्लीत मला रात्री काय जेवलो तेसुद्धा अज्ञात ठेवता आलेलं नाही. आणि माझ्या स्वतःच्या गाडीला मीच अज्ञात?

गाडी रस्त्यावर का, असा प्रश्न तुम्हाला पडेल, म्हणून सांगतो. आमची इमारत नव्याने बांधली तेव्हा पार्किंगसाठी चिठ्ठ्या टाकल्या होत्या. माझ्या चिठ्ठीत पंपाची खोली आणि जिना यांच्यामधली जागा आली. तिथे एक सडपातळ माणूस तिरका उभा राहू शकतो, तोही पोट आत घेऊन. त्यामुळे गाडी बाहेर, उंबराखाली. उंबराला दत्ताचं स्थान म्हणून कुणी हात लावत नाही, फांदी छाटायचं नाव काढलं तरी पाप लागतं. पक्षी वर बसून उंबरं खातात आणि खाल्ल्याची पोच खाली माझ्या टपावर देतात.

शिवाय गाडी मी वापरत नव्हतो असं नव्हे, जपत होतो. पावसाळ्यात काढली तर चिखल उडतो, उन्हाळ्यात काढली तर रंग उडतो, सणासुदीला काढली तर गर्दीत ओरखडे पडतात. मग उरले किती दिवस? बायकोला मी गाडी चालवायला दिली नव्हती ती याच काळजीपोटी. विजयमालाने मध्यंतरी लायसन्स रिन्यू करून आणलं होतं. "आधार कार्ड असताना याची काय गरज होती?" असं मी सहज विचारलं, तर तिने ते पर्समध्ये ठेवून दिलं. दर रविवारी मात्र ती म्हणायची, "अहो, खडकवासल्याला जाऊन येऊ या ना, नुसतं पाणी बघून येऊ." मी म्हणायचो, "आधी गाडी जरा नीट करू, मग दिमाखात जाऊ." माझ्या मते हे अतिशय समंजस उत्तर होतं.

नोटीस घेऊन मी वर आलो. विजयमाला लसूण सोलत होती. मी तिला 'बेवारस' हा शब्द मोठ्याने वाचून दाखवला.

"उचलून नेतात कुठे म्हणे?" तिने विचारलं.

"ते महत्त्वाचं नाही! हे कुणीतरी मुद्दाम केलेलं आहे. गल्लीतच शत्रू आहे आपला."

"असेल. पाहणी कधी आहे?"

एवढ्या संकटात बायको आपल्या मागे इतक्या शांतपणे उभी आहे हे पाहून मला भरून आलं. मी तसाच कागदपत्रांची फाइल घेऊन वॉर्ड ऑफिसात गेलो.

तिथल्या टेबलामागच्या गृहस्थांनी माझे कागद पाहिले, मग नोटिशीची प्रत पाहिली. "हे कागद निळ्या गाडीचे आहेत," ते म्हणाले. "तक्रार मातकट गाडीची आहे."

"तीच ती. वर थोडी धूळ आहे."

"मग पुसा."

"पुसतोच. पण गाडी माझी आहे, एवढं तरी लिहून घ्या."

"पाहणीला आमचा माणूस येईल. गाडी कुणाच्या तरी मालकीची आहे असं त्याला बघून वाटलं पाहिजे. वाटलं तर राहील, नाही तर जाईल."

"कधी येणार?"

"आला की दिसेल."

"आणि तक्रार कुणी केली?"

"ते आम्ही सांगत नसतो. सांगितलं की पुढची तक्रार मारामारीची येते." त्यांनी फाइल माझ्याकडे सरकवली आणि माझ्या मागच्या माणसाकडे बघायला लागले.

घरी येताना मी वॅक्सचा एक चपटा गोल डबा विकत घेतला. झाकणावर एका लाल गाडीचं चित्र होतं आणि त्या गाडीत ढग दिसत होते. आपल्या गाडीतही ढग दिसले पाहिजेत, मग कोण बेवारस म्हणतो बघू, असं ठरवून मी डबा उघडतोय तोच तिसऱ्या मजल्यावरचा सलिल ऑफिसला निघाला होता तो थांबला. हा हडपसरच्या कुठल्याशा आयटी पार्कात जातो. नवीकोरी मोठी गाडी आहे, आणि ती लावायला त्यालाही जागा नाही. माझी गाडी उचलली तर सगळ्यात आधी फायदा कुणाचा? मी त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"काका, डायरेक्ट वॅक्स? नो नो. आधी पेंट क्लीन करायला लागतो. नाही तर तुम्ही घाणीवरच वॅक्स लावाल, घाण शाइन मारेल." असं म्हणून त्याने मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. त्यात आधी गाडी धुतात, मग कसल्याशा मातीच्या वडीने रंगात रुतलेली घाण ओढून काढतात, मग कंपाउंड नावाचं खरखरीत मलम घासतात, मग पॉलिश, आणि अगदी शेवटी वॅक्स. एवढं तर आमच्याकडे लग्नात नवऱ्या मुलाचंसुद्धा करत नाहीत.

"तुला बरीच माहिती आहे माझ्या गाडीच्या घाणीची," मी म्हणालो.

"काका, ती गूगल मॅपवरसुद्धा दिसत असेल," तो म्हणाला आणि गेला. संशयितांत पहिलं नाव मी पक्कं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बादली आणि मग घेऊन उतरलो. पहिला मग ओतला आणि पलीकडून जाणाऱ्या एका अनोळखी गृहस्थांनी सायकल थांबवली. "गाडी धुताय? खडकवासल्यातलं पाणी पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरवायचंय, कल्पना आहे का?" मी म्हटलं, एकच बादली आहे. "थेंबे थेंबे हेच चाललंय सगळीकडे," असं म्हणून ते मी दुसरा मग ओततो का, हे बघत उभेच राहिले. त्यांच्या धाकाने मी एका बादलीत अख्खी गाडी धुतली. म्हणजे टपावरची घाण दारांवर आली आणि दारांवरची खाली वाहून दादामियाँच्या दुकानाच्या पायरीशी गेली.

दादामियाँचं आमच्या तळमजल्यावर चपला-बुटांचं दुकान आहे. त्यांची बायको जुबेदाभाभी गल्ल्यावर बसते आणि दादामियाँ स्टुलावर बसून गिऱ्हाइकाला बूट घालतात. माझी गाडी नेमकी त्यांच्या काचेसमोर उभी असते, त्यामुळे रस्त्यावरून त्यांच्या चपला दिसत नाहीत. हा हेतू सलिलच्या हेतूपेक्षाही भक्कम होता. पायरीवरचा चिखल पाहून जुबेदाभाभी म्हणाल्या, "भाऊजी, गाडीची घाण गाडीवर होती तेच बरं होतं." दादामियाँ मात्र हसले. हसले, म्हणजे काहीतरी लपवत होते.

आता मातीच्या वडीचा प्रश्न होता. सामानाच्या दुकानात ती वडी मला दाखवली. साबणाच्या चिपेएवढी. किंमत ऐकून मी दुकानदाराला विचारलं, "यात गणपती आणि उंदीरही बसवून देता का?" तो म्हणाला, "नाही, आणि तिला हात लावायला आधी हात धुवून यावं लागतं." मी ताठ मानेने बाहेर पडलो. माती! आमच्या घरात पलंगाखाली शाडूचं अर्धं पोतं पडलेलं असतं. विजयमाला दरवर्षी गणपतीच्या आधी मुलांना मूर्ती करायला शिकवते, त्यातलं उरलेलं. इतकी मऊ, इतकी बारीक, इतकी पवित्र माती घरात असताना परक्या मातीवर पैसे घालवणारा माणूस निदान पेठेत तरी जन्माला आलेला नाही.

मी शाडू भिजवला, मोदकाच्या उकडीसारखा मळला आणि गाडीच्या डाव्या बाजूवर घासायला लागलो. व्हिडिओतली वडी रंगावरून सुळकन सरकत होती. माझा गोळा आधी सरकला, मग चिकटला, मग पसरला. जितका घासला तितका पसरला. थोडं वाळू द्यावं, मग आपोआप निघेल, या विचाराने मी वर जाऊन चहा घेतला. खाली आलो तर ऑक्टोबरच्या उन्हाने आपलं काम केलं होतं. बोनेटच्या कडेपासून मागच्या दिव्यापर्यंत गाडीची अख्खी डावी बाजू पांढरट, खडबडीत, कोरडी झाली होती. शाडू दारांच्या फटींत बसला होता, कुलपाच्या भोकात बसला होता, दाराच्या दांडीखाली त्याने घर केलं होतं. ओल्या फडक्याने पुसला की तो पुन्हा ओला होऊन पसरायचा आणि सुकला की पुन्हा जसाच्या तसा. शिवाय त्यातल्या बारीक कणांनी रंगावर केसाएवढे ओरखडे उठवले होते.

"विसर्जन कधी आहे?" पानाच्या टपरीवरून कुणीतरी विचारलं. मी त्या दिशेला बघायचं टाळलं. माझा स्वभाव तसा शांत आहे, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. टेम्पोचा आवाज आला की वाटायचं, आले उचलायला.

सकाळी दादामियाँ स्वतःहून माझ्याकडे आले. "सबनीस, चमक म्हणजे काय, मला विचारा. सगळी चमक ब्रशात असते. माती-बिती लावणं आपलं काम नव्हे." त्यांनी दुकानातून गडद निळ्या बूटपॉलिशची मोठी डबी आणली, घोड्याच्या केसांचा ब्रश आणला आणि बोनेटवर एक हात असा मारून दाखवला की मला खरंच चमक दिसली. मी म्हटलं, करून तर बघू. दिवसभर खपून मी अख्खं बोनेट पॉलिश केलं. मी तासातासाला खाली-वर करत होतो, तेव्हा विजयमाला एकदाच म्हणाली, "अहो, इंजिनचं काय?" मी म्हटलं, "इंजिन पाहणीत दिसत नाही. रंग दिसतो." तिने मान हलवली आणि पोळ्या लाटायला गेली.

संध्याकाळी बोनेट असं दिसत होतं की मला त्याच्यापासून दूर जाववेना. मला फार आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. गॅलरीतून मी चारचारदा वाकून पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी सलिल ऑफिसला निघाला. कुणाचा तरी फोन आला म्हणून तो माझ्या बोनेटला टेकून बोलत उभा राहिला. त्याची पँट बदामी रंगाची होती. बूटपॉलिश उन्हात थोडं मऊ होतं, ही गोष्ट मला तेव्हाच कळली. मी हाक मारायला तोंड उघडलं होतं, हे देवाशपथ सांगतो. पण मग मनात आलं, तक्रार यानेच केली असेल तर? मी तोंड मिटलं. तो मागून अर्धा निळा होऊन हडपसरला गेला.

तो परत आला तेव्हा मी गॅलरीतून आत जाऊन वर्तमानपत्र उघडलं होतं. तरी त्याने वर येऊन बेल वाजवली. "काका, पूर्ण ऑफिसने बघितलं. प्रेझेंटेशन होतं माझं. मी स्क्रीनकडे तोंड करून उभा होतो, म्हणजे पब्लिककडे काय होतं, सांगा." मी गंभीर चेहऱ्याने म्हणालो, "अरेरे." मग त्याने पिशवीतून एक डबा काढून माझ्या हातात दिला. "हे कंपाउंड. प्लीज काका, बूटपॉलिश नका लावू. हे लावा, हळू घासा. मला ती गाडी बघवत नाही." हा पश्चात्ताप आहे, मी मनात म्हटलं. गुन्हेगार शेवटी वाकतोच.

पण कंपाउंड मात्र खरं निघालं. उजव्या बाजूच्या मागच्या दारावर मी थोडं घेऊन घासलं, मऊ फडक्याने पुसलं आणि थांबलो. तळहाताएवढा निळा रंग दिसत होता. खरा निळा. मी इतका वेळ निळा, निळा म्हणून भांडत होतो, पण मलाही तो कसा होता हे आठवत नव्हतं. शोरूममधून गाडी आणली तेव्हा विजयमालाने त्याच दाराला हळदीकुंकू लावलं होतं आणि मी 'रंगाला डाग पडेल' म्हणून लगेच पुसलं होतं. मी घासतच राहिलो. खांदे भरून आले, जेवायला हाक आली तरी गेलो नाही. संपूर्ण उजवी बाजू निळी झाली. त्यात उंबराच्या फांद्या दिसत होत्या आणि घामाघूम झालेला मीही दिसत होतो.

वॅक्सचा डबा उघडायची वेळ शेवटी आली होती. मी झाकणाला हात घातला, एवढ्यात मागून आवाज आला.

"नमस्कार. बेवारस गाडी कुटं हाय?"

पाहणीचा माणूस आला होता. जयसिंग नाव, अंगापिंडाने मजबूत, हडपसरच्या पलीकडचं कुठलंसं गाव आता शहरात आलंय तिकडचा. हातात मोबाइल, मोबाइलवर गाडीचा फोटो.

"ही काय," मी अभिमानाने उजव्या बाजूकडे हात केला. "आणि बेवारस नाही. मालक मी."

जयसिंगने फोटो पाहिला, गाडी पाहिली. मग तो सावकाश फिरून डाव्या बाजूला गेला, तिथला वाळलेला शाडू पाहिला, नखाने थोडा खरवडला. पुढे येऊन बोनेटवर बोट फिरवलं आणि निळं झालेलं बोट पाहिलं.

"ही न्हाई," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"फोटूतली गाडी मातकट हाय. ही हिकडनं पांढरी, तिकडनं निळी, आन् फुडनं काळी. ती मातकट गाडी कुटं हलवली तुमी?"

"अहो, हलवली कुठे? तीच ही! मी साफ केली."

"साफ केल्याव असं दिसतं व्हय?" त्याने माझ्याकडे संशयाने पाहिलं. "सायेब, फोटूत नंबर दिसत न्हाई. उद्या तुमी म्हणाल ही ती हाय, आन् ती तिसरीकडंच उभी आसंल. माझ्या गळ्याशी येईल."

मी आरसी बुक काढलं, विम्याचा कागद काढला. ते सगळे निळ्या गाडीचे होते आणि निळी गाडी माझी आहे याबद्दल जयसिंगला काहीच शंका नव्हती. त्याला मातकट गाडी हवी होती. तेवढ्यात दादामियाँ दुकानातून मदतीला धावून आले. "साहेब, मी सांगतो. ही सबनिसांचीच गाडी. अहो, आमच्या दुकानासमोर कायमची उभी आहे. जागची कधी हललेलीच नाही!"

"म्हंजी बेवारसच की," जयसिंग म्हणाला.

"दादामियाँ, तुम्ही आत जा," मी म्हणालो. सलिलही नेमका त्याच वेळी खाली उतरला होता आणि काळजीपूर्वक, कशालाही न टेकता उभा होता. माझे दोन्ही संशयित हजर होते.

जयसिंगने डोकं खाजवलं. "एकच विलाज हाय. ज्यांनी तक्रार केली त्यांनीच यिऊन वळखावी. हितंच ऱ्हातात म्हणले हुते. लावतो फोन."

इतके दिवस ज्याच्यासाठी झोप उडाली होती तो शत्रू आता उघडा पडणार होता. मी सलिलच्या खिशाकडे पाहिलं. खिसा गप्प होता. मी काचेतून दादामियाँच्या गल्ल्यावरच्या फोनकडे पाहिलं. तोही गप्प होता. आणि वरून, पहिल्या मजल्यावरून, कुकरच्या शिट्टीसारखी रिंगटोन ऐकू आली. ती रिंगटोन मी रोज ऐकतो. ती ऐकून रोज गॅस बंद करायला धावतो.

"हॅलो," आमच्या गॅलरीतून विजयमाला फोनवर म्हणाली. "हो, मीच. दिसताय तुम्ही मला. वर बघा. आले, आले."

ती खाली आली. इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स, पायात बाहेरच्या चपला. लसूण सोलायला कुणी असं तयार होत नाही.

"ताई, तुमी तक्रार केलेली गाडी हीच का?" जयसिंगने विचारलं.

तिने शांतपणे गाडीला एक फेरी मारली. डाव्या दाराखाली वाकून शाडू थोडा पुसला. "हीच. हा ओरखडा आहे ना, तो माझा आहे. चालवायला शिकत होते तेव्हाचा. त्यानंतर मला चाव्या मिळाल्या नाहीत."

"तू?" माझ्या तोंडून कसाबसा शब्द निघाला. "आपल्याच गाडीची तक्रार? मालक अज्ञात म्हणून?"

"मालक पहिल्या मजल्यावर बसलेले असतात, असं लिहिणार होते. तेवढी जागा नव्हती."

"अगं, पण मला सांगायचंस!"

"दर रविवारी सांगत होते," ती म्हणाली.

मला ते फार लागलं. दादामियाँनी एकदम एका चपलेची किंमत बघायला घेतली आणि सलिल मोबाइलमध्ये शिरला. मी फडक्याने आधीच स्वच्छ असलेलं दार पुन्हा पुसलं. काहीतरी करत राहणं भाग होतं.

जयसिंग समजूतदार माणूस होता. तो म्हणाला, "चला, वळख पटली. आता निस्ती चालू करून दावा. फिरती गाडी दिसली की तक्रार बंद."

मी चावी घेऊन आत बसलो, फिरवली. 'टक' असा एक आवाज आला. पुन्हा फिरवली, तोही आवाज आला नाही. एवढ्या मोहिमेत मी गाडीच्या प्रत्येक इंचाला हात लावला होता, पण ती चालू होते का, हे बघायचं राहून गेलं होतं. मी विजयमालाकडे पाहिलं नाही. तिने 'इंजिनचं काय' म्हणून विचारलं होतं ते दोघांनाही आठवत होतं.

"बॅटरी डेड," सलिल म्हणाला. "थांबा, केबल आहे माझ्याकडे. माझ्या गाडीवरून करंट देतो." तो आपली गाडी समोर घेऊन आला, दोन्ही बोनेटं उघडली आणि वायरींचे चिमटे काढले. ते लोखंडी चिमटे माझ्या उजव्या बाजूच्या निळ्या रंगाच्या इतके जवळ आले की मी ओरडत बाहेर उडी मारली आणि फडकं पसरून रंगाला आडवा झालो.

"काका, कुणीतरी चावी फिरवा ना!"

"विजयमाला, तू जरा फिरव गं," मी रंगावरून न हलता म्हणालो.

ती आत बसली. तिने सीट पुढे घेतली, आरसा आपल्या उंचीला लावला, पर्स शेजारच्या सीटवर ठेवली. हे सगळं मी पाहत होतो, पण माझं लक्ष चिमट्यांकडे होतं. चावी फिरली, गाडी खोकली, काळा धूर सोडला आणि चालू झाली. जुबेदाभाभींनी दुकानातून टाळ्या वाजवल्या.

सलिलने चिमटे काढले, बोनेट लावलं, आपली गाडी मागे घेतली. खिडकीतून मान काढून म्हणाला, "काकू, आता बंद करू नका हं. केली की गेली. बॅटरी चार्ज व्हायला एक लाँग राउंड पाहिजे."

"लाँग म्हणजे केवढा?"

"अं, खडकवासल्यापर्यंत जाऊन आलात तरी मस्त."

विजयमालाने माझ्याकडे पाहिलं. मी एका हातात फडकं, दुसऱ्या हातात वॅक्सचा डबा घेऊन उभा होतो. "अगं, थांब जरा," मी म्हणालो. "बोनेटवर सलिलची बोटं उठलीत. आणि वॅक्स राहिलंय. एक हात मारतो, मग दोघं मिळून..."

"आल्यावर मारा," ती म्हणाली आणि गिअर टाकला.

गाडी हलली. एका बाजूने पांढरी, एका बाजूने निळी अशी ती टपरीला न घासता, उभ्या स्कूटरना न लागता गल्लीच्या तोंडापर्यंत गेली. तिथे तिने इंडिकेटर दिला, जो मीसुद्धा देत नसे, आणि वळली.

गाडी जिथे उभी असायची तिथे पडलेल्या उंबरांच्या मधोमध गाडीच्या मापाची एक स्वच्छ जागा राहिली होती. मी नकळत तिच्या मध्ये जाऊन उभा राहिलो.

"सायेब, जरा बाजूला व्हा," जयसिंग मोबाइल उचलून म्हणाला. "जागा मोकळी झाल्याचा फोटू घ्याचाय."

मी बाजूला झालो. त्याने फोटो काढला, तक्रार बंद केली आणि मोबाइल खिशात टाकला. मी पुन्हा त्याच जागेत आलो, कारण दुसरं कुठे जाऊन उभं राहावं हे सुचत नव्हतं. तो जाता जाता थांबला. घामेजलेल्या, शाडूने पांढऱ्या आणि पॉलिशने निळ्या झालेल्या मला त्याने पायापासून डोक्यापर्यंत नीट पाहिलं.

"सायेब," त्याने मनापासून विचारलं, "तुमाला न्यायला कोन येनार हाय का?"

तेवढ्यात माझ्या खांद्यावर वरून काहीतरी पडलं. जागा रिकामी झाल्याचं उंबरावरच्या पक्ष्यांना अजून कुणी कळवलेलं नव्हतं.

"येणार आहे," मी म्हणालो, आणि वॅक्सचा डबा डोक्यावर धरला.